चिंचिला: दाट केसांचा प्राणी आणि त्याच्या मागे लागलेला माणूस

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला कुरतडणारा प्राणी. वजन अर्धा किलोच्या आसपास, मोठे गोल कान, लांब मिशा, झुपकेदार शेपटी आणि राखाडी-निळसर केस. माणसाच्या ताब्यातले चिंचिला आज जगभर पसरलेत, घरोघरी पाळीव म्हणून आणि फरच्या धंद्यात कातड्यासाठी. त्याच्या मूळ डोंगरांवर मात्र त्याच्या दोन्ही जाती संकटग्रस्त आहेत. हे असं का झालं ते समजून घ्यायचं तर सुरुवात त्याच्या केसांपासून करावी लागते. त्याचं रानातलं जगणं, त्याची झालेली कत्तल आणि पिंजऱ्यात होणारे त्याचे हाल, या तिन्हींचं मूळ त्या केसांत आहे.

त्याआधी नावाचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे ससेपालन करणाऱ्यांच्या तोंडी ‘सोव्हिएत चिंचिला’ हे नाव नेहमी असतं. ती सशाची जात आहे, रंग चिंचिलासारखा म्हणून तिला ते नाव मिळालं. पर्शियन मांजरांतल्या ‘चिंचिला’ रंगाचंही तसंच. खरा चिंचिला ना ससा, ना मांजर. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे व्हिस्काचा हे दक्षिण अमेरिकेतलेच कुरतडणारे प्राणी, आणि थोडे लांबचे गिनीपिग व कॅपिबारा. आपल्या सह्याद्रीतलं साळिंदरसुद्धा घरातल्या उंदरापेक्षा त्याला जवळचं आहे.

दोन जाती, दोन घरं

लांब शेपटीचा चिंचिला उत्तर-मध्य चिलीत राहतो. समुद्रापासून फार दूर नसलेल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर, साधारण ४०० ते १६५० मीटर उंचीच्या पट्ट्यात. आखूड शेपटीचा चिंचिला खऱ्या उंच अँडीजचा, ३००० मीटरच्या वरचा. तो एकेकाळी पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना या चारही देशांत होता. अंगाने तो जास्त भरलेला, मान जाड आणि कान लहान. दुकानात मिळणारा पाळीव चिंचिला जवळपास नेहमी लांब शेपटीचा असतो.

लांब शेपटीच्या चिंचिलाचा मुलूख पाहिला की त्याच्या सवयींचा उलगडा होतो. चिलीतल्या इयापेल गावाजवळ औको इथे त्याचं राखीव क्षेत्र आहे. तिथे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात पडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि तो पडतो हिवाळ्यात, मे ते ऑगस्टच्या दरम्यान. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी, हवा कोरडीठाक. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो, म्हणून तिथले उत्तरेला तोंड करून असलेले उतार जास्त तापतात आणि जास्त कोरडे राहतात. चिंचिलाच्या वसाहती प्रामुख्याने अशाच उतारांवर सापडतात. खडकांच्या भेगांत, दगडांच्या राशीखाली, किंवा पुया या काटेरी झाडाच्या बुडख्याशी तो दिवसभर दडून बसतो आणि अंधार पडला की चरायला निघतो.

खातो काय? बारमाही गवताचे कडक झुपके, बिया, झुडपांची पानं-साल, आणि कोरड्या दिवसांत पुयासारख्या गरदार वनस्पती. पाण्यासाठी त्याला ओढा लागत नाही. झाडपाल्यातला ओलावा आणि दव यांवर तो भागवतो. शत्रू दोन बाजूंनी येतात, जमिनीवरून कुल्पेओ नावाचा अँडीजचा कोल्हा आणि आकाशातून घुबडं. त्यांच्यासाठी त्याच्याकडे दोन उपाय आहेत. मागचे पाय लांब असल्यामुळे तो खडकावरून खडकावर झेप घेतो. आणि एखाद्याच्या तोंडात त्याचे केस सापडलेच, तर तेवढा झुपका तो मुळातून सोडून देतो. शत्रूच्या तोंडात केस राहतात आणि चिंचिला पसार होतो. पाळीव चिंचिलाला घट्ट धरल्यावर हातात केसांचा गोळा येतो तो यामुळेच. तिथली जागा गुळगुळीत दिसते, पण रक्त येत नाही. केस पूर्ववत यायला काही महिने लागतात.

माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात आणि वसाहतीत जास्त तोऱ्यात वावरतात. नको असलेला नर अंगलट आला तर मादी मागच्या पायांवर उभी राहून मुताची नेमकी चिळकांडी त्याच्यावर सोडते. गर्भारपण सुमारे १११ दिवसांचं. एवढ्या लहान प्राण्यासाठी हा काळ फार मोठा आहे. घरातल्या उंदराचे तीन आठवड्यांत पार पडते. त्या बदल्यात पिल्लू जन्मतःच तयार असतं: अंगभर केस, उघडे डोळे, तोंडात दात, आणि काही तासांत धावाधाव. एका वेळी बहुधा एक ते तीन पिल्लं, वर्षाला एक किंवा दोन वेळा. ही संथ गती लक्षात ठेवा, शिकारीच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

केसांची रचना

माणसाच्या डोक्यावर एका मुळाशी एक केस असतो. चिंचिलाच्या कातडीवर एकाच छिद्रातून पन्नासहून अधिक अतिशय बारीक केसांचा झुपका बाहेर पडतो. हिशेब केला तर एका चौरस सेंटिमीटरवर २० हजारांहून जास्त केस. प्रत्येक केसाला तीन पट्टे असतात. बुडाशी गडद पाटीच्या रंगाचा, मध्ये पांढुरका आणि टोकाला काळसर. फुंकर मारली की हे थर उलगडताना दिसतात. खडकात बसलेला चिंचिला दिसेनासा होतो तो या पट्ट्यांमुळे.

एवढे दाट केस हवा अडकवून ठेवतात आणि अँडीजच्या रात्रीत अंग गरम राहतं. पण हाच गुण उलटा पडतो तेव्हा फार उलटा पडतो. आत शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही, कातडी दमट राहते, प्राणी गारठतो आणि बुरशीला जागा मिळते. उष्णता बाहेर टाकायलाही वाट नाही. चिंचिलाला आपल्यासारखा घाम येत नाही. उष्णता घालवण्याचं मुख्य साधन म्हणजे ते मोठे, पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले कान.

म्हणून तो पाण्याने नव्हे, धुळीने अंघोळ करतो. ज्वालामुखीची राख किंवा प्युमिस दगडाची अगदी बारीक पूड केसांच्या बुडापर्यंत पोचते, कातडीचं तेल आणि ओलावा शोषून घेते आणि अंग झटकलं की बाहेर पडते. रानात वसाहतीजवळ अशा लोळण्याच्या ठरलेल्या जागा असतात.

कत्तल

पेरूच्या किनाऱ्यावरचे चिंचा लोक आणि पुढे इंका या प्राण्याचं कातडं वापरत. स्पॅनिश आले, तसं हे कातडं युरोपात पोचलं. प्रजाती म्हणून लांब शेपटीच्या चिंचिलाचं शास्त्रीय वर्णन १७८२ साली चिलीचे पाद्री-निसर्गतज्ज्ञ हुआन इग्नासिओ मोलिना यांनी केलं. इथपर्यंत प्राण्याला फार मोठा धक्का बसलेला दिसत नाही.

खरा विध्वंस एकोणिसाव्या शतकातला. युरोप-अमेरिकेत फरची फॅशन वाढली आणि १८२८ ते १९१६ या काळात एकट्या चिलीतून अधिकृत नोंदीप्रमाणे ७० लाखांहून जास्त कातडी बाहेर गेली. चोरून गेलेली, सोलताना खराब झालेली आणि बिळातच मेलेली जनावरं या आकड्यात नाहीत. एका कातड्याचा आकार तो केवढा! लांब कोटाला शंभरावर कातडी लागतात. वर्षाला एक-दोन वेळा, एक ते तीन पिल्लं देणारा प्राणी हा वेग झेपवू शकत नव्हता.

शिकारीची पद्धत आणखी वाईट होती. कुत्री आणि हुरोन नावाचे मुंगसाच्या बांध्याचे प्राणी बिळांत सोडत. ते जमलं नाही तर सुरुंग लावून खडकच फोडत, किंवा झुडपांना आग लावत. त्याच टेकड्यांवरचं अल्गारोबिया हे झुडूप तर चिंचिलाचा आसरा आणि अन्न, दोन्ही होतं. प्राणी गेला आणि त्याचं घरही गेलं. पुढे शिकार थांबल्यावरही संख्या भराभर वर आली नाही, त्यात याचा मोठा वाटा आहे.

जसजसे चिंचिला कमी झाले तसतसे भाव चढत गेले, आणि चढलेल्या भावापायी उरलेसुरले शोधून काढले गेले. १९१० साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना यांनी शिकार आणि व्यापार थांबवण्याचा करार केला. कागदावर तो चांगला होता, पण डोंगरात तो राबवणार कोण? चिलीत परिणामकारक कायदा यायला १९२९ उजाडलं. तोवर दोन्ही जाती बऱ्याच ठिकाणांहून नाहीशा झाल्या होत्या. लांब शेपटीचा चिंचिला रानातून संपलाच असं अनेकांनी धरलं होतं. १९७० च्या दशकात औकोच्या टेकड्यांवर त्याच्या वसाहती सापडल्या आणि १९८३ साली तिथे राखीव क्षेत्र झालं.

अकरा जनावरांची शिदोरी

पाळीव चिंचिलाची कुळकथा मथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याशी सुरू होते. तो चिलीत पोत्रेरियोसच्या तांब्याच्या खाणीवर नोकरीला होता. जिवंत चिंचिला अमेरिकेत नेऊन वाढवायचे असं त्याने ठरवलं, सरकारकडून परवानगी काढली आणि माणसं लावून सापळे टाकले. तीन वर्षांत हाती लागले अवघे ११. शिकारीने काय अवस्था केली होती ते या एका आकड्यातून कळतं.

चॅपमनने एक गोष्ट अतिशय समजून केली. उंचावरची ही जनावरं त्याने एकदम समुद्रसपाटीवर आणली नाहीत. टप्प्याटप्प्याने, सुमारे वर्षभर घेऊन, दर टप्प्यावर त्यांना तिथल्या हवेची सवय होऊ देत खाली उतरवलं. बोटीवर विषुववृत्त ओलांडताना पिंजरे बर्फाने गार ठेवले. फेब्रुवारी १९२३ मध्ये तो कॅलिफोर्नियाला पोचला. अमेरिकेतल्या बहुतेक पाळीव चिंचिलांचं मूळ याच मूठभर जनावरांत आहे.

त्याचे दोन परिणाम झाले. चिंचिलाचे फार्म निघाले आणि कातड्यासाठी रानात जायची गरज संपली. दुसरा परिणाम असा की पाळीव चिंचिला हे थोड्या पूर्वजांचं, केसांच्या प्रतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं कुटुंब बनलं. पाळीव चिंचिला पिंजऱ्यातून काढून अँडीजमध्ये सोडला तर तो टिकेल, ही आशा व्यर्थ आहे. शिवाय रानातल्या उरलेल्यांत रोग आणि बदललेली जनुकं शिरण्याचा धोका. पाळीव संख्या कितीही वाढली तरी रानातला चिंचिला त्याने वाचत नाही.

फार्मवरच्या निवडीतून रंगही आले: बेज, पांढरा, काळा मखमली, जांभळट, नीलमणी. यातल्या पांढऱ्या आणि मखमली रंगांचं जनुक आई-बाप दोघांकडून मिळालं तर गर्भ जगत नाही. म्हणून मखमली-मखमली किंवा पांढरा-पांढरा जोडा लावला तर साधारण चौथा हिस्सा गर्भ वाया जातो. जाणकार पैदासकार असा जोडा लावत नाहीत.

माणसाला चिंचिलाचा आणखी एक उपयोग झाला, तो प्रयोगशाळेत. त्याचा ऐकू येणाऱ्या आवाजांचा पल्ला माणसाच्या बराच जवळचा आहे आणि कानामागची हाडाची पोकळी मोठी, सहज पोचता येणारी. त्यामुळे मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा आणि मधल्या कानाचा संसर्ग यांचा बराच अभ्यास चिंचिलावर झाला.

कातड्याच्या धंद्याला आता ओहोटी लागली आहे. भारताने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. रोमानियाने २०२४ साली कायदा करून मिंक आणि चिंचिलाचे फार्म २०२७ पासून बंद करायचं ठरवलं.

पाळायचा असेल तर

सरळ सांगायचं तर महाराष्ट्र-गोव्याची हवा या प्राण्याची नाही. त्याला १० ते २० अंश सेल्सिअस आणि कोरडी हवा मानवते. २६-२७ अंशांच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो. परदेशातले पाळणारे एक ठोकताळा वापरतात: तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवा, बेरीज १५० च्या वर गेली की धोका. जुलैतल्या पुण्यात २७ अंश म्हणजे ८१ फॅरनहाइट आणि आर्द्रता ८० टक्के धरली तर बेरीज १६१. म्हणजे पाऊस पडून गारवा वाटतो तेव्हाही चिंचिलाला त्रास असतो. पण हा ठोकताळा कोरड्या उन्हाळ्यात फसवतो. एप्रिलमध्ये ३८ अंश म्हणजे १०० फॅरनहाइट, आर्द्रता २५ टक्के, बेरीज १२५, आणि तेवढ्या उन्हात जनावर मरू शकतं. म्हणून दोन्ही अटी वेगवेगळ्या पाळाव्या लागतात: तापमान २५ च्या आत आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ वर्षातले बहुतेक महिने दिवस-रात्र एसी, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. पंख्याचा उपयोग नाही, कारण पंखा आपला घाम सुकवून आपल्याला गार करतो आणि चिंचिलाला घाम येत नाही. चिंचिला चांगला सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो, तेव्हा विजेच्या बिलाचा हिशेब तेवढ्या वर्षांचा करावा.

उष्माघाताची खूण: कान लालभडक, प्राणी आडवा पसरलेला, तोंडाने श्वास, लाळ. लगेच गार खोलीत न्यावं, कानांना आणि तळव्यांना गार ओलं फडकं लावावं आणि डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. अंग एकदम गार पडून धक्का बसतो आणि केस भिजतात ते वेगळंच.

धुळीच्या अंघोळीला चिंचिलासाठीच विकली जाणारी बारीक पूड घ्यावी. खोलगट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर थर, आठवड्यातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं, मग भांडं बाहेर काढावं. कायम आत ठेवलं तर डोळे चुरचुरतात आणि तो त्यातच मुततो. बांधकामाची किंवा नदीची वाळू चालत नाही: दाणे जाड, केस तुटतात आणि तेल शोषलं जात नाही. टाल्कम पावडर फुप्फुसात जाते.

खाण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. चिंचिलाचं पोट कमी पौष्टिक, धागेदार गवतावर चालतं. खालच्या आतड्यातले जंतू ते गवत आंबवतात, आणि तिथे तयार झालेल्या मऊ गोळ्या तो स्वतःच पुन्हा खातो. यात घाण काही नाही, पचनाचा तो दुसरा टप्पा आहे. त्याला चोवीस तास टिमोथीचं वाळलेलं गवत समोर हवं आणि दिवसाला एक-दोन चमचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या. लसूणघास पूर्ण वाढलेल्या चिंचिलाला रोजची नको, तिच्यात कॅल्शियम जास्त असतं. शेंगदाणे, गूळ, बिस्किट, भिजवलेले हरभरे, कोबी हे काहीही देऊ नये. गोड आणि पिठूळ खाण्याने आतड्यात वायू धरतो, आणि चिंचिलाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोट फुगून जीव जातो. बेदाणासुद्धा लाडाने रोज देऊ नये.

दात हा दुसरा कच्चा दुवा. त्याचे सगळे वीस दात आयुष्यभर वाढतात. गवत चावताना ते झिजतात. गवत कमी पडलं की दाढा वाढून जबड्यात मुळाकडेही घुसतात. हनुवटी ओली दिसणं, तोंडातून घास पडणं, डोळा पाणावणं ही त्याची पहिली लक्षणं. पुढचे दात पिवळे-नारिंगी असतात ते ठीक, पांढरे पडले तर काळजी करावी. रोज विष्ठा पाहावी: तांदळाच्या दाण्याच्या आकाराची, कोरडी, भरीव हवी. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा जनावराने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा: अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि चिंचिला दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांवर नेहमी चालणारं औषध इथे विष ठरतं.

पिंजऱ्याचा तळ भरीव हवा. जाळीत पाय अडकून नडगीचं हाड मोडणं ही नेहमीची दुखापत आहे. प्लॅस्टिकच्या वस्तू नकोत, तो कुरतडून गिळतो. नराच्या लिंगाभोवती केसांचं कडं बसतं का ते महिन्यातून एकदा पाहावं, बसलं तर रक्तपुरवठा तुटतो.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. रानातला चिंचिला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात सगळ्यात कडक यादीत आहे, पाळीव चिंचिलाला त्यातून सूट आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीसच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि २०२४ च्या नियमांनी ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर आली. विक्रेत्याच्या ‘याला काही लागत नाही’ या शब्दावर विसंबू नका, वनखात्याकडे लेखी विचारून घ्या आणि पावती जपा.

डोंगरावर आज

शिकार आता मुख्य धोका उरलेली नाही. औकोच्या आसपास शेळ्यांची चराई, सरपणासाठी झुडपांची तोड आणि वर्षानुवर्षं चाललेला दुष्काळ यांनी उतार उघडे पडतात. राखीव क्षेत्र ४२०० हेक्टरांहून थोडं मोठं आहे, पण बऱ्याच वसाहती त्याच्या कुंपणाबाहेर खासगी आणि सामाईक जमिनींवर आहेत. तिथे गवत आणि स्थानिक झुडपं पुन्हा लावण्याचं काम होतं, आणि त्या कोरड्या मातीत रोप धरायला फार वेळ लागतो.

उंचावरच्या आखूड शेपटीच्या चिंचिलापुढे खाणींचा प्रश्न आहे. आताकामा भागातल्या सालारेस नोर्ते या सोन्याच्या खाणीच्या जागेवर त्याची वसाहत निघाली. २०२० साली तिथले चिंचिला पकडून दुसऱ्या खडकाळ जागी हलवायला सुरुवात झाली. पहिल्या चारपैकी दोन मेले आणि चिलीच्या पर्यावरण यंत्रणेने काम थांबवलं. चिंचिलाला आपल्या खडकातली प्रत्येक भेग, दडायची जागा आणि चरायची वाट पाठ असते. नव्या जागी ती ओळख नसते, पकडण्याचा ताण असतो, आणि तिथल्या कोल्ह्यांना नवखं जनावर लगेच सापडतं. म्हणून या जातीच्या बाबतीत जनावर हलवण्यापेक्षा खडकांची रास जिथे आहे तिथेच राखणं, आणि खाणीचा रस्ता तिला वळसा घालून नेणं, हाच खात्रीचा उपाय दिसतो.